बाप्तिस्मा झाला, पुढे काय?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. या एका तारखेवर मराठीत जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी त्यांच्या पुढच्या साडेअडतीस वर्षांवर पडलेली नाही. टीकाकारांना त्या दिवशी फितुरी दिसली, चाहत्यांना मुक्ती दिसली, आणि मधल्या समंजस मंडळींना दिसली ती नवरा गेलेल्या, लहानग्या मुलीला घेऊन परमुलखात राहणाऱ्या बाईची अगतिकता. तिघांचं एकमेकांशी पटत नसलं तरी एक गोष्ट तिघांनीही न बोलता मान्य केली होती: जे घडायचं ते त्या दिवशी घडून गेलं. गंमत अशी की हीच समजूत ख्रिस्ती मंडळीतही घट्ट रुजलेली आहे. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आपण ख्रिस्ताकडे कसे आलो हे रंगवून सांगतो आणि आल्यावर काय केलं हे दोन वाक्यांत उरकतो. मिशनच्या जुन्या अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे ठळकपणे येतात. बाप्तिस्मा घेतलेले लोक दहा वर्षांनी कुठे होते आणि काय करत होते, हे शोधायला मात्र बरीच पानं चाळावी लागतात. धर्मांतराला दिलेलं हे अवाजवी महत्त्व ख्रिस्ती शिकवणीशीच विसंगत आहे, असं माझं म्हणणं आहे. बाप्तिस्मा म्हणजे शाळेत नाव घालणं. विश्वासाचं जे काही बरंवाईट व्हायचं ते नाव घातल्यानंतर होतं, आणि ते किती झालं याची मोजपट्टी ना त्या दिवशीच्या भावनेत सापडते, ना मंडळीच्या नोंदवहीत.

रमाबाईंचीच साक्ष काढू. वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरसंघात सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक पालक होत्या; रमाबाई पत्रांतून त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. दोघींचा आणि त्यांच्या भोवतालच्या वरिष्ठांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांतली त्यातली पत्रं वाचताना कुणालाही प्रश्न पडेल, की या बाईने नक्की कशाचा स्वीकार केला होता? त्रैक्याची शिकवण त्यांना पटत नाही. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाबद्दल त्या शंका काढतात. अथेनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकारातली, न मानणाऱ्यांना नरकात धाडणारी भाषा त्यांना सोसवत नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी योजना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावर त्यांनी कळवलं, की आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, तेव्हा तसलंच दुसरं जोखड मी मानेवर घेणार नाही. क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, यावरूनही त्यांनी वाद घातला. शाकाहार तर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

जेराल्डिन यांना या सगळ्यात गर्व दिसला. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जो कालपरवा शिष्य झाला त्याने आधी ऐकावं, नम्रपणे शिकावं आणि मग प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा कुठल्याही गुरुपरंपरेत रास्तच धरली जाते. पण शुभवर्तमानांतले शिष्य पाहिले तर ते या अपेक्षेत बसत नाहीत. ते मध्येच बोलतात, दाखला समजला नाही म्हणून पुन्हा विचारतात, आपल्यात मोठा कोण यावर भांडतात, आणि तीन वर्षं सोबत राहूनही शेवटच्या रात्री पळून जातात. येशू त्यांना रागावतो, पण शिष्यांच्या यादीतून त्यांची नावं काढत नाही. रमाबाईंचं भांडण या जातीचं होतं. ज्यांना त्यांच्या बाप्तिस्म्यात निव्वळ सोय किंवा अगतिकता दिसते त्यांना याच भांडणाचं उत्तर द्यावं लागेल. सोयीसाठी धर्म बदलणारा माणूस आश्रयदात्यांशी मतांगीकाराच्या कलमांवरून वाद घालत बसत नाही. तो मान डोलावतो आणि ताटावर बसतो. उलट ज्यांना त्या दिवशी सर्व काही पूर्ण झालं असं वाटतं, त्यांना या पत्रांतली बाई अविश्वासू ठरवावी लागेल. दोन्ही निष्कर्ष पुढच्या आयुष्याशी जुळत नाहीत. १८८९ साली त्या हिंदुस्थानात परतल्या आणि मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. तिथे गोतात परत येण्याचं निमंत्रण कुणी छापून पाठवलं नसलं, तरी ख्रिस्ताचं नाव जरा हळू घेतलं असतं तर केवढा मान त्यांची वाट पाहत होता! त्यांनी ते हळू घेतलं नाही. १८९३ मध्ये त्यावरूनच सदनाच्या सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाजूला झाले. चर्चच्या अधिकाऱ्यांशी उभा दावा आणि ख्रिस्ताशी अतूट नातं, या दोन गोष्टी एकाच बाईच्या ठायी नांदत होत्या. शिष्यत्व ही चालू राहणारी गोष्ट आहे असं मानल्याशिवाय त्यांचा मेळ बसत नाही.

शंका हा नव्या माणसाचाच रोग असतो असंही नाही. रमाबाईंना बाप्तिस्म्यापर्यंत आणण्यात नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाचा मोठा हात होता. काशीत वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, षड्दर्शनांचं खंडन लिहिलं, पुढे दीक्षित याजक झाले आणि १८९५ साली वारले. दुसऱ्यांच्या शंका फेडणारे हे गृहस्थ स्वतः आयुष्यभर शंकांनी पोखरलेले होते. या मिशनातून त्या संघात त्यांची जी वणवण झाली तिच्यामागे हीच अस्वस्थता होती. त्यांचा विश्वास कच्चा होता, असं यावरून म्हणायचं का? मला तर वाटतं, त्यांच्या शंका हाच त्यांच्या विश्वासाचा व्यायाम होता. ज्याला काही फरक पडत नाही तो शंका घेत नाही.

रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती धर्मांतरवाद्यांना बुचकळ्यात टाकणारी आहे. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालाच नव्हता. हे उमगायला हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं पुस्तक कारण झालं. हा हॅस्लम स्वतः वर्षानुवर्षं चर्चमध्ये काम केल्यावर, एका रविवारी व्यासपीठावर उपदेश करता करता बदललेला माणूस! म्हणजे रमाबाईंच्या विश्वासाची सुरुवात १८८३ ची धरायची की १८९१ च्या सुमाराची? आणि १९०५ चं काय? त्या वर्षी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं आध्यात्मिक जागरण झालं, मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत होत्या. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांची पुस्तिका थेट चिलीपर्यंत पोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला कारण झाली. तेव्हा अँग्लिकन इतिहासकार पहिली तारीख धरतो, इव्हँजेलिकल दुसरी आणि पेंटेकोस्टल तिसरी. ज्याला त्याला आपली तारीख हवी असते. रमाबाई मात्र या तिन्ही तारखांच्या मधल्या काळात काय करत होत्या? १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना गोळा करून आणत होत्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणत होत्या. केडगावच्या माळरानावर विहिरी खणून शेती, विणकाम, दूधदुभतं, तेल गाळणं, छपाई शिकवत होत्या, अंध मुलींना ब्रेल शिकवत होत्या. आणि जागरणाचा ज्वर ओसरल्यावर त्यांनी जे हाती घेतलं ते त्याहून कमी नाट्यमय आणि माझ्या मते अधिक बोलकं आहे. भागवताचे हजारो श्लोक लहानपणी मुखोद्गत केलेल्या या विदुषीने पन्नाशीच्या आगेमागे हिब्रू आणि ग्रीकचं व्याकरण घेतलं आणि सगळं बायबल मूळ भाषांवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला बसल्या. मुक्तीच्या छापखान्यात दुष्काळातून वाचलेल्या बायका खिळे जुळवत, प्रुफं काढत, आणि रमाबाई ती तपासत. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या तोवर तेच चाललं होतं. ज्यांना आत्म्याचा अग्नी तेवढा खरा आणि धातुरूपं, विभक्ती, प्रुफांतल्या चुका या सांसारिक वाटतात, त्यांनी हे काम कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरवावं.

हे सगळं एका असामान्य बाईचं झालं, सामान्यांना काय लागू, असं कुणी म्हणेल. म्हणून आरंभीच्या मंडळीकडे जाऊ. प्रेषितांच्या कृत्यांत पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे ३००० लोकांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे, आणि उपदेशक ती मोठ्या हौसेने वाचून दाखवतात. पण लेखक तिथे थांबत नाही. हे लोक शिक्षणात, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले, मालमत्ता विकून गरजेप्रमाणे वाटू लागले, हे तो लगोलग सांगतो. आकड्याला अर्थ येतो तो या टिकून राहण्याने. पेत्राची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. त्याने येशूला नाकारलं ते पेन्टेकॉस्टच्या आधी, असं म्हणून आपण त्याला माफ करून टाकतो. पण पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात अंत्युखियाचा जो प्रसंग येतो तो त्यानंतरचा आहे, बऱ्याच वर्षांनंतरचा. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमेहून काही माणसं आली आणि लोक काय म्हणतील म्हणून तो हळूच पंगतीतून उठून वेगळा बसला. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. आत्म्याने भरलेला, चमत्कार केलेला, मंडळीचा खांब म्हणवणारा माणूस पंगतीच्या प्रश्नावर घसरतो, हे बायबलने झाकून ठेवलेलं नाही. महाराष्ट्रात पंगत म्हणजे काय असतं हे जाणणाऱ्या वाचकाला या प्रसंगाचं भाष्य लागणार नाही.

पुढच्या शतकांत मंडळीने हे शिकणं आणि वागणं फार गांभीर्याने घेतलं. हिप्पोलिटसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘प्रेषितांची परंपरा’ या जुन्या नियमग्रंथात बाप्तिस्मा मागणाऱ्याला तीन वर्षं वचन ऐकत राहायला सांगितलं आहे. त्याचा धंदा काय हे आधी विचारत. मूर्ती घडवणं, आखाड्यात माणसं मारण्याचे खेळ खेळणं असले धंदे सोडावे लागत. त्याच ग्रंथात अशीही सवलत आहे, की माणूस तळमळीचा असेल तर काळ मोजू नका, वर्तन पाहा. आणि शेवटी बाप्तिस्म्यासाठी निवड करताना काय विचारायचं? याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का. मला हे प्रश्न विलक्षण वाटतात, कारण त्यात एकही प्रश्न मनातल्या अनुभवाचा नाही. त्या काळी शिकवण आधी आणि बाप्तिस्मा नंतर असा क्रम होता. पुढे राजाश्रय मिळाला, अख्ख्या जमाती आणि तान्ही मुलं बाप्तिस्मा घेऊ लागली, तेव्हा बाप्तिस्मा आधी आला आणि शिकवण नंतर देऊ म्हणता म्हणता राहूनच गेली. क्रम कोणताही असो, शिकवण गळाली की जे उरतं त्याला फार तर सभासदत्व म्हणता येईल.

मग बाप्तिस्म्याच्या दिवसालाच एवढं महत्त्व कसं आलं? याचा दोष निव्वळ मिशनरींच्या माथी मारणं सोपं आहे, आणि देणगीदारांना आकडे लागत हे खरंही आहे. पण अर्धा वाटा आपल्या समाजाचा. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घरात मुलाने बायबल वाचलं, ख्रिस्ताची स्तुती केली, मूर्तिपूजेवर टीका केली तरी चालवून घेत. प्रार्थनासमाजात तर असली माणसं मानाने वावरत. पाणी अंगावर पडलं की मात्र तो मेला. जिवंतपणी त्याचं श्राद्ध होई, बायको माहेरी नेली जाई, वडिलार्जित वाटा बुडे; म्हणूनच सरकारला १८५० चा कायदा करून धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखावा लागला. म्हणजे बाप्तिस्मा हीच रेघ, हे मिशनरीने आणि जातपंचायतीने मिळून ठरवलं. दुसरीकडे हाच समाज वारकऱ्याच्या बाबतीत किती शहाण्यासारखा वागतो! माळ घातलेल्याला कुणी माळ कधी घातली हे फारसं विचारत नाही; वारी चुकत नाही ना, एकादशी पाळतोस ना, हे विचारतात. माळ घालणं सोपं, ती सांभाळणं अवघड, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. ही समज ख्रिस्ती विश्वासाला लावायला आपल्याला सुचली नाही. आणि स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही तीच रेघ पुढे ओढली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार दलित माणूस ख्रिस्ती झाला की तो अनुसूचित जातीचा राहत नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना आदेशात स्थान मिळालं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याच्या क्षणी जात गळून पडते, असं कायदा धरून चालतो. असा चमत्कार झाला असता तर मंडळीला किती बरं वाटलं असतं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप मंडळीच्या आतून येतो आणि तो वजनदार आहे. तारण कृपेने होतं, कर्मांनी नाही. मग या वाढीचा, शिस्तीचा, वर्षानुवर्षांच्या शिकण्याचा एवढा आग्रह म्हणजे मागल्या दाराने कर्मकांडच आत आणणं नव्हे का? ज्या समाजातली कितीतरी माणसं व्रतवैकल्यांच्या ओझ्याला कंटाळून ख्रिस्ताकडे आली, त्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. पण कृपेचा सर्वांत मोठा वकील लूथर. १५१७ च्या त्याच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच असा आहे, की विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. एक दिवस नव्हे, सबंध आयुष्य. इफिसकरांस पत्रातलं कृपेचं प्रसिद्ध वचन ज्यांना पाठ असतं त्यांना त्याच्या लगतचं, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असं सांगणारं वचन पुष्कळदा आठवत नाही. डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३७ साली शिष्यत्वावर जे पुस्तक लिहिलं त्यात त्याने अशा अर्धवट कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. हे लिहिताना त्याच्यासमोर हिटलरपुढे मान तुकवणारं, रविवारी नियमाने पापक्षमा वाटणारं लूथरन चर्च होतं. तो स्वतः फिंकनवाल्डे इथे तरुण पाळकांना एकत्र राहून प्रार्थना, वाचन, पापकबुली यांची शिस्त लावत होता. त्याच वर्षी गेस्टापोने ते विद्यालय बंद केलं आणि १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. कृपा फुकट मिळते, पण मिळाल्यावर माणसाला होता तसा सोडत नाही. मूल जन्माला येतं ते स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे. म्हणून त्याने वाढूच नये असं कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो: दुष्काळात धान्यासाठी, शाळेसाठी, सावकार-पाटलाच्या जाचातून सुटण्यासाठी जे ख्रिस्ती झाले त्यांच्या शिष्यत्वाच्या गप्पा कशाला? अहमदनगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात महार-मांग वस्त्यांतून जे लोक मंडळीत आले त्यांच्याबद्दल हे हमखास म्हटलं जातं. बोलणाऱ्याचं पोट भरलेलं असतं हे सोडून देऊ. हेतू संमिश्र होते हे मान्यच करायला हवं. माणसाचा कुठला मोठा निर्णय निर्भेळ हेतूने होतो? पण या आक्षेपाची तपासणी झालेली आहे. जे. वॉस्कॉम पिकेट या मेथडिस्ट मिशनरीच्या नेतृत्वाखाली भारताच्या वेगवेगळ्या भागांतल्या समूह-धर्मांतरांचा अभ्यास झाला आणि १९३३ साली तो पुस्तकरूपाने आला. हजारो कुटुंबप्रमुखांना ते ख्रिस्ती का झाले हे विचारलं गेलं आणि मग त्यांच्या तेव्हाच्या वागण्याशी ते ताडून पाहिलं. निष्कर्ष असा, की येण्याच्या हेतूपेक्षा आल्यानंतरची शिकवण आणि नियमित उपासना यांनी जास्त फरक पडला. पोटासाठी आलेला, पण नीट शिकवलेला माणूस आत्म्यासाठी येऊन वाऱ्यावर सोडलेल्यापेक्षा मागे राहिला नाही. मिशनरीचा अभ्यास, म्हणून थोडं मीठ घालून घ्या हवं तर. तरीही त्यातला टोला मिशनांनाच होता: आणायची घाई करता आणि शिकवायला माणसं ठेवत नाही. मुक्तीमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींचं जे झालं ते याच निष्कर्षाचं मराठी उदाहरण आहे. त्यांच्या येण्याचा हेतू भूक होता, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. दिवसाला महत्त्व नाही, मतांगीकारावर वाद घालणाराही शिष्य, मग मंडळीची हद्द कुठे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या प्रश्नाला आयुष्य पणाला लावून उत्तर दिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं राबले, मराठी मंडळीला तिची भजनं दिली. आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना सारखी जागा होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या कवीला शिष्यत्व हे सभासदत्वाहून मोठं वाटावं यात नवल नाही. पगारी ख्रिस्ती धर्माने माणसं परावलंबी झाली, हे त्यांचं निदान अचूक होतं. उपाय मात्र तोकडा पडला. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही, कारण तो एका माणसाच्या तेजावर उभा होता. शिष्याला शिकवायला, चुकलं तर हटकायला आणि म्हातारपणी सांभाळायला एक बांधलेली मंडळी लागते, आणि बांधलेल्या मंडळीला दार लागतं. बाप्तिस्मा हे ते दार. मी ते काढून टाका म्हणत नाही. दारातच मुक्काम करू नका, एवढंच म्हणतो. टिळकांच्याच घरात याचा दुसरा नमुना होता. नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षं बाप्तिस्मा घेतला नाही. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही सोवळंओवळं सांभाळलं, मग एकेक गाठ स्वतःच्या बुद्धीने तपासून सोडवली. जातीची गाठ तर बाप्तिस्म्याच्या आधीच सुटली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे माहीत आहे. म्हणजे रमाबाईंच्या बाबतीत वाढ दारानंतर झाली, लक्ष्मीबाईंच्या बाबतीत बरीचशी दाराआधी. आज नगरच्या किंवा वसईच्या मंडळीतल्या बहुतेकांनी तर धर्मांतर केलेलंच नाही; ते ख्रिस्ती घरात जन्मले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती मोजले गेले. त्यांतल्या बहुतेकांना सांगायला तारीखच नाही. धर्मांतराभोवती फिरणारं प्रवचन त्यांना काय देणार? दृढीकरणाच्या वर्गात काही आठवडे पाठांतर होतं, फोटो निघतात, आणि त्यानंतर बहुतेकांची पाळकाशी गाठ पडते ती थेट लग्न ठरवताना.

लग्न ठरवताना जे होतं त्यावरच थोडं बोलायला हवं. तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही स्थळ पाहताना पूर्वीची जात विचारली जाते. कधी उघड, कधी ‘तुम्ही मूळचे कुठले’ अशा आडवळणाने. प्रभुभोजनात एकाच प्याल्यातून पिणारी दोन घरं सोयरीक म्हटली की घसा खाकरतात. यावर मंडळीतले वडीलधारे सांगतात, की ही सामाजिक बाब आहे, हिचा विश्वासाशी काय संबंध. मुलगा प्रार्थनाशील आहे, मुलगी शब्बाथ शाळेत शिकवते, यातच सगळं आलं. हा आक्षेप शांतपणे ऐकून घ्यावा, आणि मग अंत्युखियात काय झालं होतं ते पुन्हा वाचावं. पेत्रानेही शिकवणीतलं काही नाकारलं नव्हतं, उपासना सोडली नव्हती. तो फक्त पंगतीतून उठला होता, आणि तेही आल्या-गेल्या पाहुण्यांचा मान राखायला. पौलाने ती सामाजिक बाब म्हणून सोडून दिली नाही. पेत्र शुभवर्तमानाला धरून चालत नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं, आणि पुढे ते पत्रातही लिहिलं. आपल्याकडे पंचकमिटीच्या बैठकीत छताची गळती आणि सणाच्या जेवणाचा खर्च यांवर तास तास बोलणं होतं. मंडळीतली किती लग्नं जुन्या जातीबाहेर झाली, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यायला काहीच अडचण नाही.